अट क्रमांक दोन

माझ्या नावावर एक प्रमेय आहे. घर आईच्या नावावर आहे, गाडी बायकोच्या नावावर आहे, पण प्रमेय माझ्या एकट्याच्या नावावर आहे. गेल्या सत्रापर्यंत हे मी कुणी न विचारताही सांगायचो. आता कुणी विचारलंच, तर मी खिडकीबाहेर बघतो आणि हवापाण्याचा विषय काढतो.

प्रमेय कशाबद्दल आहे ते आधी सांगून टाकतो. ते कळल्याशिवाय माझी फजिती पुरती कळणार नाही, आणि अर्धवट फजिती मला आवडत नाही. एक गोल चकती घ्या. तिच्यातल्या प्रत्येक बिंदूला एकेक किंमत देणारी काही फंक्शनं असतात, त्यांना आम्ही विश्लेषी फंक्शनं म्हणतो. ही मंडळी फार शिस्तीची. एवढ्याशा कोपऱ्यात ती कशी वागतात ते कळलं, की सगळ्या चकतीत कशी वागणार ते ठरूनच जातं. माझी बायको याच जातीची आहे. ती किल्ल्या टेबलावर कशा ठेवते त्यावरून मला अख्खी संध्याकाळ कळते.

अशा फंक्शनांवर चालणारं एक यंत्र असतं, त्याला ऑपरेटर म्हणतात. एक फंक्शन आत टाकायचं, दुसरं बाहेर येतं. मी ज्या यंत्रांवर काम केलं ती चकतीतले बिंदू एका ठरलेल्या नियमाने चकतीतच इकडचे तिकडे सरकवतात, आणि मग फंक्शनला विचारतात, आता तुझी किंमत काय? काही फंक्शनं यातून बाहेर येताना बदलत नाहीत, नुसती काही पटींनी लहानमोठी होतात. त्या पटी, आणि त्यांच्याइतकेच छळणारे आणखी काही आकडे, मिळून त्या यंत्राचा स्पेक्ट्रम होतो. तो शोधून काढणं हा आमचा धंदा. कधी तो आकड्यांची रांग निघतो, कधी गोगलगायीसारखी वळत आत जाणारी रेघ, कधी चकतीच्या चकती. माझं प्रमेय सांगायचं, की अमुक दोन अटी पाळणाऱ्या कुठल्याही यंत्राच्या स्पेक्ट्रममध्ये फक्त एकच आकडा असतो, आणि तो आकडा म्हणजे एक.

सिद्धता चाळीस पानांची. छापून आली तेव्हा विभागात मला ‘एक सर’ म्हणायला लागले, आणि मी ते ऐकू येत नसल्याचा बहाणा करत दिवसातून दोनदा चहाच्या खोलीवरून चक्कर मारायचो. आईने तर नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, की आमच्या मुलाने ‘एक’ शोधून काढला. त्याआधी लोक कुठून मोजत होते, असं एकदा माझ्या मामाने विचारलं. मामाशी माझं त्यानंतर फारसं जमत नाही.

आता अटींबद्दल. पहिली अट अशी, की यंत्राने चकतीचं केंद्र जागचं हलवता कामा नये. ही अट सरळ आणि घरंदाज होती. दुसरी अट मी शेवटच्या आठवड्यात घातली. सव्विसाव्या पानावर सिद्धता अडली होती, काही केल्या पुढे सरकेना, म्हणून मी यंत्राच्या उलट्या बाजूकडून एक बेताची अट टाकली: अमुक एक फंक्शन तिकडून जसंच्या तसं परत यावं. तीन ओळींची अट होती. ती टाकल्याबरोबर लोण्यातून सुरी जावी तशी सिद्धता शेवटपर्यंत गेली. माणसाला एवढ्यावरून संशय यायला हवा होता. मला अभिमान आला.

आणि मी उदाहरण दिलं नाही. त्या चाळीस पानांत या अटी पाळणारं एकही यंत्र मी उदाहरणादाखल दाखवलेलं नाही. आमच्या धंद्यात उदाहरण देणं जरा हलकं समजतात. निदान मी तरी समजायचो. उदाहरणं शिकवणीवाल्यांनी द्यावीत, आपण प्रमेयं द्यावीत, हे माझं आवडतं वाक्य होतं, आणि नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी मी ते ऐकवायचो.

बाईंनाही ऐकवलं होतं. बाई म्हणजे माझ्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनी. चाळिशीच्या, एका कॉलेजात हंगामी शिकवणाऱ्या, दुपारचे वर्ग संपवून आमच्याकडे यायच्या. त्यांना सगळे बाईच म्हणत, त्यामुळे मीही. शांत स्वभाव, अक्षर सुरेख, आणि शंका विचारायची वाईट खोड. त्यांच्या कॉलेजने सांगून ठेवलं होतं, की नवं वर्ष सुरू व्हायच्या आत पदवी हातात असेल तर नोकरी कायम, नाहीतर जागा दुसऱ्याला. प्रबंध वेळेत जाणं हा त्यांच्यासाठी हौसेचा प्रश्न नव्हता. हे मला पक्कं माहीत होतं.

त्यांच्या प्रबंधाचा तिसरा धडा म्हणजे माझंच प्रमेय, पण आणखी तीन प्रकारच्या फंक्शनांवर चालवलेलं. विषय मीच दिला होता. आपल्या प्रमेयाला कुणीतरी पुढे नेतंय याचं जे सुख असतं ते नातवंडांच्या सुखाच्या जवळपास जातं, असं मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे अडकलेले खांदे सोडवते. ती म्हणाली, “आधी मूल नीट आहे का बघ.” मला तो बायकी खोचकपणा वाटला.

सत्राच्या सुरुवातीला बाईंनी विचारलं, “सर, तिसऱ्या धड्यासाठी एखादं उदाहरण मिळेल का? साधंसंच.”

“ढीगभर आहेत,” मी म्हणालो. “उद्या देतो.”

आठवड्याने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा उद्या म्हणालो. असे बरेच उद्या झाले. बाई प्रत्येक वेळी मान हलवून निघून जायच्या आणि मी माझं महत्त्वाचं काम पुढे चालू करायचो. महत्त्वाचं काम म्हणजे अटी जरा सैल करून प्रमेयाची नवी आवृत्ती.

शेवटी एका रविवारी म्हटलं, संपवून टाकू. नाश्त्याच्या टेबलावर कागद घेतला आणि पहिलं सुचलेलं यंत्र तपासलं. पहिली अट पाळत होतं, दुसरी नाही. दुसरं घेतलं, ते दुसरी पाळायचं पण केंद्र हलवायचं. दुपारपर्यंत कागद संपले, तेव्हा बायकोच्या व्यायामाच्या तक्त्यांच्या पाठीमागे लिहायला लागलो. पाळायला सोप्या अशा अटी होत्या, निदान वाटायच्या तरी, आणि एकही लेकाचं यंत्र दोन्ही एकत्र पाळेना. एका पेशंटला खांद्याच्या व्यायामाऐवजी माझं समीकरण दिलं गेलं. तो दोन दिवसांनी येऊन म्हणाला, की घरी करून बघितलं पण जमलं नाही. मी त्याला सांगितलं, मलाही जमलेलं नाही.

बुधवारी माझा दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. दरवर्षी त्या सुमाराला मी त्यांना एक जुनं प्रमेय शिकवतो. शंभराहून जास्त वर्षांचं, दोन ओळींत सिद्ध होणारं, आमच्या विषयातल्या मुळाक्षरांपैकी. ते असं: चकतीला चकतीतच ठेवणाऱ्या विश्लेषी नियमाने आतले दोन बिंदू जागच्या जागी ठेवले, तर त्याने सगळेच बिंदू जागच्या जागी ठेवले. म्हणजे असा नियम काहीच करत नाही. यावर माझा एक ठरलेला विनोद आहे. मी म्हणतो, “दोघे खुर्चीला चिकटून बसले, की सगळं कार्यालय बसूनच राहतं.” वर्ग हसला. मी विधान फळ्यावर लिहायला घेतलं, आणि ‘दोन बिंदू’ लिहून खडू थांबला.

माझी पहिली अट: केंद्र हलत नाही. हा एक बिंदू. माझी ती तीन ओळींची दुसरी अट, जी मी उलट्या बाजूकडून, मोठ्या ऐटीत, भारदस्त भाषेत लिहिली होती, ती सुलट करून वाचली तर काय म्हणते? दुसराही एक बिंदू हलत नाही. बस, एवढंच.

म्हणजे माझ्या दोन्ही अटी पाळणारं यंत्र जगात एकच होतं. जे टाकाल ते जसंच्या तसं परत देणारं. त्याचा स्पेक्ट्रम एक असतो, हे सांगायला चाळीस पानं लागत नाहीत. ते दारावरचा शिपाईही सांगेल: जे आलं तेच तसंच गेलं म्हणजे एकपट झालं. डोंगर पोखरून उंदीर काढला असंही मला म्हणता येईना, कारण उंदीर निदान हलतो तरी. सव्विसाव्या पानापासून सिद्धता लोण्यासारखी का गेली तेही कळलं. काही हलतच नसेल तर अडेल कुठे?

मी वर्गाला उरलेला तास सुटी दिली. प्रकृती बरी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं.

घरी आलो तेव्हा बायको कुणाच्या तरी कोपराला हिसके देत होती. पेशंट गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिने हात पुसत पुसत ऐकलं.

“म्हणजे तुझं यंत्र काहीच करत नाही.”

“तांत्रिक भाषेत, हो.”

“आणि हे तुला इतक्या वर्षांत...”

“संपादकांनाही कळलं नाही,” मी म्हणालो. “त्यांच्या तज्ज्ञाने वाचलं होतं. त्याने फक्त स्वल्पविराम दुरुस्त केले.”

ती हसेल असं मला वाटलं होतं, निदान तशी तयारी करून मी आलो होतो. ती हसली नाही. “बाईंचं काय?” तिने विचारलं.

इथे मी जे बोललो ते माझ्या बुद्धीला शोभेलसं होतं. मी म्हणालो, की झाकली मूठ सव्वा लाखाची. विभागात बाईंच्या प्रबंधाची तालीम शुक्रवारी आहे, त्यानंतर प्रबंध जाईल. बाहेरचे परीक्षक वयस्कर आहेत, जेवणानंतरच्या तोंडी परीक्षेत ते डोळे मिटून ऐकतात. बाईंना पदवी मिळेल, नोकरी मिळेल, मग सावकाश दुरुस्तीचं एक टिपण छापू. त्यांच्या भल्यासाठीच मी गप्प बसतोय.

“आणि ते त्या दिवशी जागे असले तर उभं कोण असणार आहे फळ्यापाशी? तू की त्या?”

तिने पुढच्या खोलीला कुलूप लावून किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि मला अख्खी संध्याकाळ कळली.

आता तालमीबद्दल. आमच्या विभागात प्रबंध पाठवण्याआधी उमेदवाराने सगळं काम हातात कागद न घेता फळ्यावर मांडून दाखवायचं असतं. सगळे प्राध्यापक समोर बसतात आणि मार्गदर्शक मागच्या बाकावर. मार्गदर्शकाने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर सगळ्यांचा चहा त्याच्याकडून. तालीम पार पडली की मार्गदर्शकाने सही करायची, आणि मगच प्रबंध बाहेर जातो. त्याच्या सहीशिवाय एक ओळही आत जात नाही आणि एक ओळही बाहेर.

शुक्रवारी मी मागच्या बाकावर बसलो. बाईंनी पहिले दोन धडे इतके स्वच्छ मांडले की विभागप्रमुखबाई दोनदा ‘छान’ म्हणाल्या, आणि त्या वर्षातून एकदा म्हणतात. मग तिसरा धडा आला. बाईंनी माझं प्रमेय लिहिलं, वर माझं नाव लिहिलं.

“एखादं उदाहरण सांगा,” विभागप्रमुख म्हणाल्या.

बाई क्षणभर खडूकडे बघत राहिल्या. “उदाहरण सरांनी दिलंय,” त्या म्हणाल्या. “मलाच ते अजून नीट उमगलेलं नाही.”

मी कुठलंच उदाहरण दिलं नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या खोलीत आणखी कुणालाच माहीत नव्हतं.

“उदाहरण उमगलं नाही आणि प्रबंध पाठवताय?” पुढच्या बाकावरचा आमचा सांख्यिकीवाला म्हणाला. त्याला संधी सोडता येत नाही.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. “असं करा बाई, घाई नको. एक सत्र थांबा. धडा पक्का करा.”

एक सत्र म्हणजे नोकरी गेली. बाईंनी मान डोलावली. “चालेल,” त्या म्हणाल्या, आणि फळा पुसायला डस्टर उचललं.

मला लाज वाटली. आयुष्यात पुष्कळदा माझी फजिती झाली आहे, पण लाज वेगळी असते. माझ्यापेक्षा कमी पगारावर, दोन बस बदलून येणारी एक बाई माझी मूठ झाकायला स्वतःची नोकरी देत होती, आणि मी मागच्या बाकावर नियम पाळत बसलो होतो.

“चहा माझ्याकडून,” मी उठून म्हणालो.

सगळे मागे वळले. मी पुढे गेलो आणि दोन्ही अटी सुलट्या करून फळ्यावर लिहिल्या. सांख्यिकीवाला हळूच म्हणाला, “हे तर दुसऱ्या वर्षाला असतं.”

“हो,” मी म्हणालो. “मीच शिकवतो.”

“म्हणजे या प्रमेयात बसणारं यंत्र...” विभागप्रमुखांनी वाक्य अर्धवट सोडलं.

“काही न करणारं. बाईंना उदाहरण उमगलं नाही, कारण मी ते दिलंच नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. चूक माझी आहे. सत्र वाया जायचं असेल तर माझं जावं.”

ते कसं जावं हे मला ठाऊक नव्हतं, पण बोलायला बरं वाटलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “सर, जरा सरकता का?”

मी सरकलो. त्यांनी माझं प्रमेय पुसलं, वरचं नावही पुसलं, आणि चकतीच्या जागी चेंडू घेतला. म्हणजे एका संख्येऐवजी दोन संख्यांनी ठरणारे बिंदू. त्यांचा नियम अगदी साधा होता: पहिली संख्या तशीच ठेवा, दुसरी शून्य करा. केंद्र हलत नाही. आणखी असंख्य बिंदू हलत नाहीत. तरी हे यंत्र काहीतरी करतं, चेंडूचा चपटा काप करतं. चकतीत दोन बिंदू धरले की सगळं गोठतं. चेंडूत तसं नाही.

“आणि याचा स्पेक्ट्रम?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“एक आणि शून्य,” बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

म्हणजे माझं प्रमेय चकतीत खरं होतं पण निरुपयोगी, आणि चेंडूत, जिथे त्याचा काही उपयोग झाला असता, तिथे खोटं. इतकी नेमकी कामगिरी ठरवून करता येत नाही. बाई मात्र थांबल्या नव्हत्या. चेंडूत अशा दोन अटी पाळणाऱ्या यंत्रांचा स्पेक्ट्रम खरोखर कसा असतो, ते त्यांनी पुढच्या अर्ध्या तासात फळाभर मांडलं. पूर्ण होतं. सुंदर होतं. मी खाली बसायचं विसरलो, आणि विभागप्रमुखांनी एक सत्र थांबायची सूचना मागे घेतली.

तालीम संपल्यावर माझ्या खोलीत मी त्यांना विचारलं, “कधी केलंत हे?”

“तुम्ही उद्या देतो म्हणत होतात, तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

“मार्गदर्शकाचं प्रमेय पोकळ आहे असा धडा लिहून मार्गदर्शकाकडेच सहीला आणायचा? उदाहरण मागत होते ना मी सर. तुम्ही शोधायला बसाल, तुम्हालाच दिसेल, असं वाटलं होतं.” मग जरा थांबून, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “राग आला होता मला. अजून आहे.”

“असू द्या,” मी म्हणालो. “नवा धडा आणा.”

तो त्यांच्या पिशवीतच होता. सुरुवातीला त्यांनी माझ्या प्रमेयाबद्दल एक ओळ लिहिली होती: ‘या अटींत बसणाऱ्या ऑपरेटरांचा वर्ग फारसा व्यापक नाही.’ इतक्या सभ्य शब्दांत माझे कुणीच कधी वाभाडे काढले नव्हते. मी ‘फारसा व्यापक नाही’ खोडून त्यावर ‘रिकामा आहे’ लिहिलं. आता मोठेपणा करायची पाळी माझी होती. सही केली, आणि प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. जेवण झालं. मी पाहत होतो, डोळे मिटत नव्हते. वर्गात शिरण्याआधी त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तुमचं ते प्रमेय मी पुढे नेलं होतं. दोन शोधनिबंध आहेत.” आम्ही थोडा वेळ शेजारी शेजारी उभे राहिलो. दोन माणसांना एकमेकांबद्दल इतका जिव्हाळा मी आमच्या विषयात कधी पाहिलेला नाही.

आत बाई बोलल्या आणि परीक्षक टक्क जागे राहून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी तिसऱ्या धड्याचं पहिलं पान उघडलं.

“इथे म्हटलंय, हा वर्ग रिकामा आहे. हा शब्द जरा कडक नाही का?”

“तो शब्द सरांचा आहे,” बाई म्हणाल्या. “आणि तो कडक नाही, चुकीचा आहे.”

मी मागच्या बाकावरून वर पाहिलं. माझी नम्रतासुद्धा तपासणीतून सुटलेली नव्हती.

“चुकीचा कसा?”

“वर्ग रिकामा नाही, सर. त्यात एक आहे.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “खात्री आहे?”

“हो,” बाई म्हणाल्या आणि खडू उचलला. “उदाहरण देऊ?”